आशाताई "बूस्टर राहिला" म्हणाली आणि घरात भांडण पेटलं

पत्र आलंय दारव्हा तालुक्यातल्या एका सुनेचं. थोडं आटपून देते.

"सिस्टर मावशी, नमस्कार. माझी पोरगी साडेपाच वर्षाची आहे, अंगणवाडीत जाते. आशाताई दोनदा येऊन गेली का हिचा बूस्टर राहिला म्हणून. बूस्टर म्हटल्याबरोबर आमचे हे भडकले. म्हणते त्या बूस्टरनंच आपल्या गल्लीतला पोरगा गेला, ३४ वर्षाचा होता, वावरात फवारा मारता मारता पडला. कंपनीनं कोर्टात कबूल केलं का रक्ताच्या गाठी होतात, अमेरिकेनं पण बूस्टर बंद केला, उंदरावर टेस्ट करून माणसाला देऊन दिला, असे लय व्हिडिओ आहेत यांच्या फोनमध्ये. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ६७ वर्षाचे आहेत, शुगर आहे, त्यांनी कोविशिल्डचे दोन डोस आणि २०२२ मध्ये तिसरा पण घेतला होता, ते आता रात्री छातीला हात लावून बसून राहतात. मी लस द्या म्हटलं तर हे म्हणते तुले पोरीपेक्षा आशाताई जास्त झाली का. नाही द्यावं तर मन खाते. खरंच टेस्ट न करता देतात का? आशाताईला विचारलं तर तिला राग येतो, म्हणते सरकार काय येडं आहे का."

पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या "बूस्टर" शब्दापाशीच अडकले. तुमच्या घरातलं अर्धं भांडण या एका शब्दानं लावलंय. आशाताई जो म्हणते तो डीपीटीचा दुसरा बूस्टर, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तीन रोगांवरची लस. तुझ्या पोरीला ६, १० आणि १४ आठवड्याची असताना पेंटा दिली त्यात हीच लस होती, मग १६ ते २४ महिन्यात पहिला बूस्टर झाला असेल (कार्डावर पाहा), आणि ५ ते ६ वर्षात हा दुसरा. तुझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये जो बूस्टर आहे तो कोरोनाचा तिसरा डोस, १० जानेवारी २०२२ पासून सुरू झालेला, सरकारनं तर त्याला बूस्टर म्हटलंच नव्हतं, प्रिकॉशन डोस म्हटलं होतं, पण लोकांच्या तोंडी बूस्टरच बसलं. ज्या लसीवर तो चिडलाय ती लस तुझ्या पोरीला द्यायला कोणी आलेलंच नाही. हे त्याला आधी सांग, पण भांडणाच्या वेळी नको, तो जेवून ओट्यावर निवांत बसला असेल तेव्हा कार्ड हातात देऊन दाखव.

आता त्याच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न काही येडपटपणाचा नाही. मी एकतीस वर्ष एएनएम, म्हणजे सरकारी नर्स म्हणून खेड्यापाड्यात काढली, आणि लोकांनी विचारलं की "सरकार काय वेडं आहे का" हेच उत्तर मीही दिलंय, आणि आज मला त्याचं वाईट वाटतं. विचारणाऱ्या बापाला उत्तर मिळालं नाही तर तो फोनमध्ये शोधतो आणि फोनमध्ये जो जास्त ओरडतो तोच पहिला दिसतो. आशाताईचंही मी समजू शकते, तिला वरून आकडा मागतात, ट्रेनिंगमध्ये उत्तरं कमी शिकवतात, ती बिचारी उन्हात फिरून फिरून थकलेली असते. पण बापाला उत्तर मिळायलाच पाहिजे.

तर टेस्ट केली होती का. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दोघींना ३ जानेवारी २०२१ ला औषध नियंत्रकांनी आपत्कालीन वापराची परवानगी दिली. कोविशिल्डची मोठी चाचणी परदेशात झाली होती, आपल्या देशात १६०० लोकांवर केली, त्यातली काही माणसं आपल्याच सेवाग्रामच्या आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजातली होती. कोव्हॅक्सिनची मात्र तिसऱ्या टप्प्याची चाचणी तेव्हा चालूच होती, लस रोग किती अडवते याचा आकडाच हातात नव्हता, आणि परवानगी "क्लिनिकल ट्रायल मोड" मध्ये दिली, म्हणजे सुरुवातीला घेणाऱ्याकडून संमतीपत्रावर सही घ्यायचे. त्यावर तेव्हाच देशातल्या मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी टीका केली होती आणि माझ्या मते ती टीका बरोबर होती. पुढे २५,८०० लोकांवरच्या चाचणीचा निकाल आला, ७७.८ टक्के, लस चांगली निघाली. पण निकाल चांगला निघाला म्हणून आधी परवानगी द्यायची घाई बरोबर ठरत नाही, पेरणी करून टाकायची आणि मग बियाणं तपासायचं असं आपण वावरात करत नाही. त्याच वेळी हेही आठव की फेब्रुवारी २०२१ मध्ये अख्ख्या देशाच्या आधी अमरावतीत रुग्ण वाढले, लॉकडाऊन लागला, आणि एप्रिलमध्ये आपण काय काय पाहिलं ते तुला मी सांगायला नको. परवानगी देणाऱ्यांसमोर ते पण होतं.

बियाण्याचा विषय निघालाच आहे तर तोच धरून सांगते, कारण बूस्टरचा सगळा वाद यातच आहे आणि तुझ्या नवऱ्याला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. अकोल्याचं कृषी विद्यापीठ सोयाबीनचं नवीन वाण काढते तेव्हा वर्षानुवर्ष वेगवेगळ्या जागी प्लॉट लावून उतारा किती, रोग किती, खोडमाशी किती हे सगळं पाहते, मग ते वाण शेतकऱ्याच्या हातात येते. पण पुढच्या दर हंगामात त्याच वाणाची नवीन थैली आली की कोणी पुन्हा पाच वर्ष प्लॉट लावत नाही. आपण घरी काय करतो, ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडतो, गुंडाळतो, सावलीत ठेवतो, पाणी शिंपडतो, आठ दिवसांनी उलगडून मोजतो. सत्तरच्या वर उगवले की बियाणं चांगलं. तुझ्या मामाजींनी दरवर्षी केलं असेल हे.

लसीत पण असंच असते. पहिल्यांदा नवीन लस आली की आधी थोड्या लोकांवर, मग काही शेकड्यांवर, मग हजारो लोकांवर, अर्ध्यांना लस आणि अर्ध्यांना नुसतं पाणी किंवा दुसरी लस, कोणाला काय दिलं ते घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, मग मोजायचं की रोग कोणाला किती झाला. हा झाला वाणाचा प्लॉट. बूस्टरच्या वेळी बहुतेक ठिकाणी एवढं केलं नाही. तीन-चारशे लोकांना डोस दिला, रक्त काढलं, रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी किती वाढल्या ते मोजलं, आधीच्या लसीच्या आकड्याशी जुळवलं आणि परवानगी दिली. आपल्याकडं कॉर्बेव्हॅक्स ही लस दुसऱ्या लसीवर बूस्टर म्हणून जून २०२२ मध्ये मंजूर झाली ती ४१६ लोकांवरच्या अभ्यासावर. हे झालं गोणपाट. गोणपाटानं कळते की दाणा जिवंत आहे. एकरी किती पोते होतील ते गोणपाटावर कळत नाही, तसंच अँटिबॉडीवरून हे पक्कं कळत नाही की किती लोकं दवाखान्यात जाण्यापासून वाचतील आणि किती महिने वाचतील. तर वाद असा की बदललेला बूस्टर म्हणजे त्याच वाणाची नवीन थैली समजायची, का नवीन वाण समजून पुन्हा प्लॉट लावायचा. फ्लूच्या लसीत दरवर्षी विषाणूचा प्रकार बदलतात आणि दरवेळी हजारोंवर चाचणी करत नाहीत, तिथं थैलीचाच हिशोब चालतो आणि वर्षानुवर्ष चालत आलाय. कोरोनाच्या बाबतीत काही शास्त्रज्ञ म्हणाले तसंच करा, काही म्हणाले ही लस नवीन आहे, इतक्यात तो हिशोब लावू नका. दोन्हीकडं शिकलेली, प्रामाणिक माणसं आहेत.

उंदराची गोष्ट इथूनच निघाली. ऑगस्ट २०२२ च्या शेवटी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषध-लसींना परवानगी देणाऱ्या तिथल्या संस्थेनं, कोरोनाच्या ओमिक्रॉनच्या नवीन प्रकारावर बदललेला बूस्टर मंजूर केला, तेव्हा नेमक्या त्या बदललेल्या लसीचा माणसांवरचा निकाल हातात नव्हता, उंदरांवरचा होता, एका कंपनीनं तर ८ उंदरांचा आकडा दाखवला होता. हे खरं आहे. व्हिडिओवाला पुढचं सांगत नाही, की अगदी तशाच जुळ्या लसीचा माणसांवरचा अभ्यास सोबत होता आणि मूळ लस तोपर्यंत कोट्यवधी लोकांना देऊन झाली होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती लस आपल्या गावात आलीच नाही. फायझर, मॉडर्नाच्या लसी आपल्या सरकारी मोहिमेत कधी नव्हत्याच. तरुण पोरांच्या हृदयाला सूज येते म्हणून जो वाद तिकडं चालतो तो मुख्यतः त्याच लसींचा आहे, तो वाद खरा आहे, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरांना ती सुई लागलेली नाही.

"अमेरिकेनं बंद केला" हे मात्र चूक. तिथं हा वाद जुना आहे. १७ सप्टेंबर २०२१ ला एफडीएच्या सल्लागार समितीला विचारलं की १६ वर्षावरच्या सगळ्यांना बूस्टर द्यायचा का, तर १६ जण नाही म्हणाले आणि २ हो. त्याच दिवशी ६५ च्या वरच्या आणि जास्त धोका असलेल्या लोकांना द्यायचा का विचारलं तर १८ च्या १८ हो म्हणाले. त्याच महिन्यात एफडीएच्या लस विभागातल्या दोन मोठ्या अधिकाऱ्यांनी, मॅरियन ग्रुबर आणि फिलिप क्रॉस, इतर शास्त्रज्ञांसोबत लेख लिहिला की सगळ्यांना बूस्टर द्यायची आत्ता गरज दिसत नाही, आणि दोघंही नोकरी सोडत असल्याची बातमी त्याच्या थोडी आधीच आली होती. मग नोव्हेंबरमध्ये सगळ्या मोठ्या माणसांना खुला केलाच. मे २०२५ मध्ये नवीन साहेब लोकांनी पुन्हा फिरवलं, की ६५ च्या वर आणि ज्यांना शुगर, दमा, हृदयरोग असं काही आहे त्यांना चालू, बाकी धडधाकट लोकांसाठी आधी नीट चाचणी करून दाखवा. पुढच्या महिन्यात तिथल्या आरोग्यमंत्र्यानं लसीच्या दुसऱ्या एका सल्लागार समितीतले १७ च्या १७ सदस्य काढून टाकले, तर आता तिथं विज्ञान कुठं संपते आणि राजकारण कुठं सुरू होते ते ओळखणं कठीण झालंय. माझं मत विचारशील तर तरुण धडधाकट माणसाला तिसरा चौथा डोस लागतो का हा प्रश्न विचारणारे बरोबर होते आणि चाचणी मागणं पण बरोबर आहे. पण तुझ्या मामाजींचं बघ. ६७ वय, त्यात शुगर. ज्या अमेरिकेचं नाव सांगून त्यांना भेव दाखवलं, त्या अमेरिकेनं ज्यांच्यासाठी लस चालू ठेवली ते नेमके तुझ्या मामाजींसारखेच लोक.

कोर्टाची बातमी. एप्रिल २०२४ च्या शेवटी आली, ॲस्ट्राझेनेका कंपनीनं इंग्लंडच्या कोर्टात लिहून दिलं की आमच्या लसीनं अगदी क्वचित टीटीएस होऊ शकतो, म्हणजे रक्तात गुठळ्या होतात आणि प्लेटलेट कमी होतात. आपली कोविशिल्ड ती हीच लस. लोकांना वाटलं तीन वर्ष लपवून ठेवलं आणि आता पकडले गेले. पण युरोपच्या औषध संस्थेनं एप्रिल २०२१ मध्येच हा त्रास लसीच्या दुष्परिणामात लिहून टाकला होता, आणि मे २०२१ मध्ये लसीनंतरचे त्रास तपासणाऱ्या आपल्या राष्ट्रीय समितीनं पण सांगितलं होतं की गंभीर तक्रारी तपासल्या त्यात २६ केसेस अशा असू शकतात, दहा लाख डोसला ०.६१. मराठी पेपरात आतल्या पानावर कुठं तरी चार ओळी आल्या असतील. गावात कोणी वाचून दाखवलं नाही, दवाखान्यात कोणी बोर्ड लावला नाही, लस देताना आम्हाला पण कोणी नीट समजावून सांगितलं नाही. लोकांना राग आलाय तो याचा आहे, आणि तो राग मला पटतो.

हा त्रास होतो तो बहुतेक करून लस घेतल्यापासून चार दिवस ते सहा आठवड्यात, आणि जास्त करून पहिल्या डोसनंतर. मामाजींना २०२२ मध्ये तिसरा डोस घेऊन किती वर्ष झाली बघ. त्या गाठीची धास्ती त्यांनी आता सोडून द्यावी. पण छातीला हात लावून बसतात हे तू लिहिलं ते मात्र मी हलक्यात घेत नाही. शुगरच्या माणसाला हृदयाचा त्रास असला तर कधी कधी दुखत पण नाही, नुसतं घाबरल्यासारखं होते, घाम येते, दम लागते. याच आठवड्यात त्यांना उपजिल्हा रुग्णालयात ने, ईसीजी काढ, शुगर आणि बीपी तपास, गोळ्या नियमित घेतात का ते पाहा, का "बरं वाटते" म्हणून अर्ध्यावर सोडल्या. आणि रात्री छातीत आवळून आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन लावा. बूस्टर पुन्हा घ्यायचा का हे त्याच डॉक्टरला विचारा. फ्लूच्या लसीबद्दल पण विचारून घ्या, या वयात शुगर असली की तिचा विचार करतात.

गल्लीतल्या त्या पोराबद्दल वाचून मन खराब झालं. ३४ म्हणजे काही वय नाही. तू लिहिलं फवारा मारता मारता पडला, पोस्टमॉर्टेम झालं का ते लिहिलं नाही. आपल्या जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, ती सगळी आपल्यासारख्याच घरातली, हे आपण विसरू नये. अशा वेळी तपासणी केल्याशिवाय कोणालाच कारण सांगता येत नाही, लसीला पण नाही आणि फवाऱ्याला पण नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं १८ ते ४५ वयाच्या, आधी धडधाकट असलेल्या आणि अचानक गेलेल्या ७२९ लोकांची माहिती देशभरातून काढली, त्यांच्याच आजूबाजूच्या २,९१६ जिवंत लोकांशी ताडून पाहिली, २०२३ मध्ये छापली. त्यात लसीनं धोका वाढलेला दिसला नाही. कोरोनात दवाखान्यात भरती झालेले, घराण्यात कोणी असंच अचानक गेलेले, मरायच्या दोन दिवस आत भरपूर दारू पिलेले, अंगाबाहेर कष्ट केलेले, यांच्यात धोका जास्त दिसला. हा अभ्यास घरच्या लोकांना विचारून केलेला आहे, त्यात त्रुटी असतात, पण एका गल्लीतल्या एका मरणावरून अंदाज बांधण्यापेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे.

आणि इथं मला एक माझं सांगायचंय. नोकरीत असताना एका बाळाला लसीनंतर झटका आला होता. मी रात्री बसून फॉर्म भरला, वरच्या ऑफिसला पाठवला, चार वेळा विचारलं, त्या फॉर्मचं पुढं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. बाळ बरं झालं, पण त्याच्या मायनं मला बाजारात विचारलं "सिस्टर, कशानं झालं होतं ते?" आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ती माय पुढच्या लसीला आली नाही, आणि मी तिला कोणत्या तोंडानं बोलावणार होते. लसीनंतर काही झालं की ते नोंदवायची व्यवस्था कागदावर चांगली आहे, जिल्ह्याला समिती आहे, पण खालून वर गेलेला कागद खाली परत येत नाही, यावर बोलायला पाहिजे, आणि आमच्यासारख्या आतल्या लोकांनी तर जास्तच. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं ते तुझ्या नवऱ्याला दाखव, की कोरोनाची लस कोणावर जबरदस्तीनं देता येणार नाही, चाचण्यांची माहिती लोकांसमोर ठेवा, आणि दुष्परिणामाची तक्रार साध्या माणसाला पण करता येईल अशी सोय करा. म्हणजे त्याला विचारायचा हक्क आहे, तो काही आशाताईच्या मेहेरबानीवर नाही. औषधाच्या किंवा लसीच्या त्रासाची तक्रार १८००-१८०-३०२४ या फुकटच्या नंबरवर स्वतः करता येते, भिंतीवर लिहून ठेव.

आता पोरीच्या लसीकडे. तोच प्रश्न तिला लावू, टेस्ट केली का, किती लोकांवर, काय दिसलं. डीपीटी आपल्या देशाच्या सरकारी लसीकरणात १९७८ पासून आहे. तू लहान असताना तुला दिली, तुझ्या नवऱ्याला दिली, त्याच्या दंडावर मांडीवर सुई लागली तेव्हा त्याच्या मायनं पदरात घेऊन उगी केलं असेल. हिच्यावर पण एकदा मोठा वाद झाला होता. जपानमध्ये १९७५ च्या सुमाराला लसीनंतर दोन बाळं दगावली, लोक घाबरले, सरकारनं काही काळ लस थांबवली, नंतर चालू केली तरी फार कमी लोक घ्यायला लागले. १९७४ मध्ये त्या देशात डांग्या खोकल्याचे चारशेच्या आत रुग्ण होते आणि मरण एकही नव्हतं. १९७९ मध्ये तेरा हजार रुग्ण झाले आणि ४१ मेले. प्रश्न विचारणाऱ्यांमुळेच जपाननं पुढं कमी त्रासाची नवीन लस बनवली, १९८१ पासून वापरली, खाजगी दवाखान्यात "कमी दुखणारी" म्हणून जी देतात ती त्याच जातीची. म्हणजे विचारल्यानं चांगली लस आली, आणि मधल्या काळात ज्यांनी लस थांबवली त्यांच्यातलीच लेकरं गेली. दोन्ही गोष्टी एकाच देशात एकाच वादातून झाल्या.

बूस्टर लागतो कशाला, पेंटाचे तीन झाले ना, असं तुझा नवरा विचारेल. घटसर्पाविरुद्धची ताकद वर्षागणिक उतरत जाते, पाच वर्षाच्या लेकराच्या अंगात ती कमी झालेली असते आणि नेमकं त्याच वयात ते शाळेत जायला लागते. म्हणून हा डोस, पुढं १० आणि १६ वर्षाला टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. अँटिबॉडी कमी होतात हे इथं अनेक पिढ्यांवर पाहिलेलं आहे, लस थांबली की रोग परत येतो हे पण पाहिलेलं आहे.

मी घटसर्प पाहिलाय पोरी. बरीच वर्ष झाली. तांड्यावरची सात वर्षाची पोट्टी, घरचे सगळे दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जायचे, त्यामुळं तिचे दोन्ही बूस्टर राहिले होते, रजिस्टरात तिच्या नावापुढं मी स्वतःच "स्थलांतर" लिहून ठेवलं होतं. मायनं आणली तेव्हा साधा गळा दुखतो म्हणत होती. बॅटरी लावून पाहिलं तर टाळूच्या मागं राखेच्या रंगाचा पडदा, भिंतीला ओली पपडी धरते तसा, पुसायला गेलं तर रक्त येते म्हणून हात लावायचा नसतो. मान अशी सुजली होती की हनुवटी आणि गळा एक झाला होता, आवाज नाकातून येत होता, आणि तोंडाला एक गोडसर सडका वास, तो वास मी कधी विसरले नाही. गाडी करून दिली. पहिल्या ठिकाणी घटसर्पाच्या विषावरचं औषध, ते सीरम नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं, नागपूरला मिळालं तोपर्यंत दीड दिवस गेला. पडदा निघाला, पोट्टी बोलायला लागली, मायला वाटलं वाचली, मला पण वाटलं. नवव्या दिवशी उठून बसली पाणी प्यायला आणि तशीच गेली. घटसर्पाचं विष हृदयावर जाते. तुझा नवरा लसीनं हार्ट अटॅक येतो म्हणून भितो ना, त्याला हे सांग, की ज्या रोगावर ही लस आहे तो रोगच लेकराचं हृदय बंद पाडतो.

तुला आणखी एक गोष्ट झाकून ठेवत नाही, नाही तर ती पण व्हिडिओतून येईल. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात १२ लेकरांना पोलिओच्या थेंबाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सगळी लेकरं बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. लस चांगली असून देणाऱ्याच्या हातून असं होऊ शकते, म्हणून डोळे उघडे ठेवूनच सत्राला जा. सिस्टरला कुपी दाखवायला सांग, नाव वाच. लेबलवर एक गोल असते आणि त्याच्या आत चौकोन, तो चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला म्हणजे लस उन्हात तापून खराब झालेली नाही. गोलाच्या रंगाचा झाला किंवा जास्त गडद झाला तर ती कुपी टाकून द्यायची असते. कुपी आधी फोडलेली असेल तर त्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली पाहिजे. सिरिंज तुझ्यासमोर पाकिटातून काढायला सांग, ती एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, दुसऱ्यांदा चालत नाही. चांगली सिस्टर असेल तर तिला याचा राग येणार नाही, मला कोणी विचारलं असतं तर मी खुशीनं दाखवलं असतं. मागच्या डोसला पोरीला झटका आला असेल, अंगभर गांधी उठून दम लागला असेल, तर सुई द्यायच्या आधी सांग, मग डॉक्टर ठरवतील. साधी सर्दी असली तर लस चुकवायची गरज नाही, चांगला ताप असेल तर उतरू दे.

लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं, हे टाळू नको, वावरात बाया खोळंबल्या असतील तरी. ताप येईल, दंड लाल होईल, सुजेल, दुखेल, एक दोन दिवस चिडचिड करेल. पॅरासिटामॉल किती द्यायची ते वजनावर असते, सिस्टरकडून लिहून घे. सुई दिली तिथं चोळू नको, हळद चुना लावू नको. छोटी गाठ राहिली तर ती आपोआप जिरते, काही आठवडे लागतात. ताप दोन दिवसावर गेला, पोरगी सुस्त पडली, झटका आला, तर लगेच दवाखान्यात, आणि तिथं सांग की अमुक तारखेला लस दिली आणि नोंद करा. नोंद केली का ते विचार, मागं लाग. हा डोस ७ वर्षाच्या आत होते, त्यामुळं अजून वेळ गेलेली नाही, पण पावसाळा, पेरणी, निंदण करता करता साल निघून जाते हे तुला माहीत आहे.

आणि एक सांगू, तू एकटी नको नेऊ तिला. तू नेलं आणि ताप आला तर घरात तुझ्यावर बोट, आणि पुढच्या वेळी तू पण भिशील. नवऱ्याला म्हण, तुम्हीच चला, तुम्ही विचारा सिस्टरला काय विचारायचं ते, कुपी तुम्ही हातात घेऊन पाहा, नाही पटलं तर तिथून परत येऊ. बियाण्याची थैली घेताना तो लॉट नंबर पाहते, तारीख पाहते, टॅग जपून ठेवते, तसंच इथं पाहू दे त्याला. आशाताईला आदल्या दिवशी सांगून ठेव की हे प्रश्न विचारणार आहेत, रागवू नको बाई, आणि तिला चहा पाज, दोनदा आली बिचारी. पोरीला त्याच्याच मांडीवर बसव, डावा दंड मोकळा राहील असा फ्रॉक घाल, आणि सुई टोचताना तिचं तोंड बापाच्या छातीकडं असू दे.

मामाजींचा ईसीजी काढला की काय निघालं ते मला लिही.

तुझी सिस्टर मावशी